युद्धपटातील आरंभदृश्य

युद्ध हा ज्याचा प्रधान विषय आहे अशा चित्रपटाच्या प्रारंभी येणारी आणि पुढील घटनांविषयी प्रेक्षकाच्या मनात ताण निर्माण करणारी दृश्यमालिका. ती अवघ्या काही क्षणांची असू शकते किंवा वीस-पंचवीस मिनिटांपर्यंत लांबू शकते. कथेचा स्थळकाळ सांगणे, प्रमुख पात्रांची ओळख करून देणे आणि या कथेत धोका कोठून व कसा येणार हे प्रेक्षकाच्या मनावर बिंबविणे, अशी तिची तीन कार्ये सांगता येतील. त्यांपैकी तिसरे कार्य सर्वांत महत्त्वाचे होय. पहिल्या दृश्यात धोक्याचे जे नियम ठरतात, तेच पुढे चित्रपटभर प्रेक्षकाच्या मनात वावरत राहतात.

तोफांचा गडगडाट आणि स्फोट यांच्यामुळे ताण निर्माण होतो, असा सर्वसामान्य समज आहे. वस्तुतः स्फोट होताच ताणाचा निचरा होतो. ताण असतो तो स्फोटापूर्वीच्या प्रतीक्षेत. म्हणून युद्धपटाच्या आरंभदृश्याची खरी सामग्री म्हणजे प्रतीक्षा, आणि कॅमेरा, प्रकाश, ध्वनी व संकलन ही त्या प्रतीक्षेला आकार देण्याची साधने होत.

ताणाचे स्वरूप : फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्र्यूफो याने १९६२ मध्ये ॲल्फ्रेड हिचकॉक याची प्रदीर्घ मुलाखत घेतली. तीत हिचकॉकने धक्का आणि उत्कंठा यांतील भेद एका साध्या उदाहरणाने स्पष्ट केला आहे. काही माणसे टेबलाभोवती गप्पा मारीत बसली आहेत आणि टेबलाखालचा बाँब एकाएकी फुटतो, तेव्हा प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. परंतु बाँब ठेवलेला प्रेक्षकाने आधीच पाहिला असेल आणि तो केव्हा फुटणार हे त्याला ठाऊक असेल, तर त्याच निरर्थक गप्पा असह्य होतात आणि काही सेकंदांच्या जागी अनेक मिनिटांची उत्कंठा लाभते. म्हणजे ताण हा मुख्यतः माहितीच्या वाटपाचा प्रश्न आहे. प्रेक्षकाला पात्रांपेक्षा अधिक ठाऊक असेल तर उत्कंठा निर्माण होते. दोघांनाही सारखेच अज्ञान असेल तर धास्ती निर्माण होते. आणि पात्रांना ठाऊक असलेली गोष्ट प्रेक्षकापासून लपविली असेल तर कुतूहल निर्माण होते. युद्धपटाचे आरंभदृश्य या तीन स्थितींपैकी एकीवर किंवा त्यांच्या मिश्रणावर उभे असते.

महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा : युद्धकथेच्या प्रारंभी श्रोत्याला ताटकळत ठेवण्याची रीत मराठी लोकपरंपरेत चित्रपटापूर्वी कितीतरी शतके रूढ होती. तुळजापूरच्या भवानीच्या उपासनेशी निगडित असलेल्या गोंधळ या विधिनाट्याचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात गोंधळी निरनिराळ्या क्षेत्रांच्या देवतांना एकामागून एक आवाहन करतात. संबळाची लय हळूहळू वाढत जाते आणि मगच उत्तररंगातील आख्यान सुरू होते. आख्यानाची कथा श्रोत्यांना बहुधा पाठ असते. तरीही दिवटीच्या उजेडात बसलेला समुदाय तिची वाट पाहत राहतो. पोवाड्याचेही तसेच आहे. उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जाणारा अग्निदासाचा पोवाडा अफजलखानाच्या वधावर आहे (१६५९). या प्रसंगाच्या कथनात खान आणि प्रतापगड यांच्यामधील अंतर कमीकमी होत जाते. खानाच्या वाटेवरील ठिकाणे म्हणून बखरीत तुळजापूर व पंढरपूर यांची नावे येतात. संकट एकेक मुक्काम जवळ येत आहे, ही जाणीव श्रोत्याला अस्वस्थ करते. पुढे चित्रपटाने नकाशावर सरकणाऱ्या रेषेने किंवा दोन ठिकाणची दृश्ये आलटून-पालटून दाखवून जो परिणाम साधला, त्याचे हे मौखिक रूप होय.

मराठी चित्रपटसृष्टीचा पाया घालणाऱ्यांपैकी बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे ‘सिंहगड’ (१९२३) हा मूकपट निर्माण केला. तानाजी मालुसरे यांनी १६७० मध्ये रात्रीच्या वेळी कडा चढून कोंढाणा घेतला, ही त्याची कथावस्तू. रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केल्याबद्दल हा मूकपट विशेष उल्लेखिला जातो. रात्र दाखविण्यासाठी उजेड लागतो, आणि काय उजळायचे व काय काळोखात ठेवायचे हे ठरविताना दिग्दर्शक माहितीचेच वाटप करीत असतो. हीच कथा व्ही. शांताराम यांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी १९३३ मध्ये बोलपटात आणली. मूकपटात केवळ पाहावयाचा असलेला काळोख आता ऐकताही येऊ लागला.

कॅमेरा आणि चित्रचौकट : चित्रचौकटीत काय आहे, याइतकेच तिच्याबाहेर काय आहे हेही ताणाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. क्रिस्टोफर नोलन याच्या ‘डंकर्क’ (२०१७) या चित्रपटाच्या प्रारंभी ओसाड रस्त्यावरून काही तरुण सैनिक चाललेले दिसतात. वरून शत्रूने टाकलेली पत्रके भिरभिरत खाली येतात. त्यांवर तुम्ही वेढले गेला आहात, असा मजकूर आणि नकाशा असतो. सैनिक पाणी शोधीत असतात, विझलेल्या सिगारेटी धुंडाळीत असतात. एकाएकी गोळ्या सुटतात आणि ते एकामागून एक कोसळतात. एकच जण निसटतो. या सबंध प्रसंगात गोळ्या झाडणारा शत्रू दिसत नाही. शत्रूला चौकटीबाहेर ठेवल्यामुळे चौकटीची प्रत्येक कड धोक्याची ठरते आणि हा नियम पुढे चित्रपटभर टिकून राहतो.

कॅमेरा कोणाच्या उंचीवर आणि कोणाच्या बाजूला उभा आहे, यावरही ताणाचे स्वरूप अवलंबून असते. दूरदृश्यात सेना दिसते, माणूस दिसत नाही. समीपदृश्यात माणूस दिसतो, परंतु त्याच्याभोवतीची रणभूमी नाहीशी होते. स्टीव्हन स्पिलबर्ग याच्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) मध्ये ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर झालेल्या सैन्यावतरणाचा प्रसंग येतो. त्यापूर्वी लष्करी दफनभूमीत आलेल्या एका वृद्धाच्या डोळ्यांवर कॅमेरा स्थिरावतो आणि तेथून कथा भूतकाळात जाते. होडीतील पहिल्या दृश्यांत कप्तानाचा थरथरणारा हात, ओकणारे आणि प्रार्थना पुटपुटणारे सैनिक दिसतात. होडीचा पुढचा फळा केव्हा पडणार, हा तेथील एकमेव प्रश्न असतो. फळा पडताच यंत्रबंदुकीच्या गोळ्या आत घुसतात. हाती धरलेला कॅमेरा सैनिकांच्या खांद्याच्या पातळीवर धावतो, त्याच्या भिंगावर पाणी व रक्त उडते. रणभूमीचा समग्र नकाशा प्रेक्षकाला मिळत नाही. पुढच्या पावलाला काय होईल एवढेच त्याला पाहावयाचे असते.

या दृश्यमालिकेचा छायालेखक यानुश कामिन्स्की याने शटरच्या कोनातही बदल केला. चलच्चित्रणात सेकंदाला २४ चित्रे घेताना शटरचा कोन सामान्यतः १८० अंश असतो आणि प्रत्येक चित्राला १/४८ सेकंद प्रकाश मिळतो. तेवढ्या वेळात हलणारी वस्तू किंचित पुसट उमटते आणि त्यामुळे पडद्यावरील गती डोळ्यांना सलग भासते. कोन ९० अंशांवर आणल्यास हा काळ १/९६, तर ४५ अंशांवर आणल्यास १/१९२ सेकंद होतो. पुसटपणा जाऊन प्रत्येक चित्र लख्ख होते, हालचाल तुटक वाटते आणि उडणारा वाळूचा कण अन् कण वेगळा दिसतो. भयभीत माणसाला तपशील विलक्षण स्पष्ट दिसतात, परंतु त्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. त्या अनुभवाच्या जवळ जाणारा हा तांत्रिक उपाय आहे.

प्रकाश आणि रंग : रंग उणे करणे हा युद्धपटात वारंवार दिसणारा प्रकार होय. ओमाहा किनाऱ्याच्या दृश्यातील रंग मुद्दाम फिके केलेले असून त्यांवर युद्धकालीन छायाचित्रांची आणि वार्तापटांची छाया आहे. याउलट फ्रान्सिस फोर्ड कोपोला याच्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) या चित्रपटाच्या पहिल्या दृश्यात हिरवेगार वन दिसते, त्यापुढून पिवळसर धूर सरकतो आणि मग ते सबंध वन एकाएकी ज्वाळांनी व्यापते. त्या ज्वाळांवर खोलीत पडून असलेल्या एका अधिकाऱ्याचा उलटा चेहरा मिसळत जातो. येथे ताण पुढच्या हल्ल्याविषयीचा नाही. ज्याच्या मनात हे वन जळते आहे, तो माणूस आता काय करील याविषयीचा आहे. रंग व प्रकाश हे वास्तवाची साक्ष देण्यासाठी वापरता येतात, तसेच मनाचा क्षोभ दाखविण्यासाठीही.

ध्वनी : डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत, म्हणून ताणनिर्मितीत ध्वनीचा वाटा मोठा असतो. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ मध्ये हेलिकॉप्टरच्या पात्यांचा आवाज प्रथम मंद गतीने ऐकू येतो आणि पुढे खोलीच्या छताला फिरणाऱ्या पंख्याच्या रूपात तो पुन्हा भेटतो. शांत खोलीतही युद्ध चालूच आहे, हे एका शब्दावाचून कळते. ओमाहा किनाऱ्याच्या लढाईत पार्श्वसंगीत नाही. एका स्फोटानंतर कप्तानाला ऐकू येईनासे होते, तेव्हा प्रेक्षकाचेही कान बधिर होतात. पाण्याखालील दृश्यांत गोळ्यांचा आवाज दबतो आणि डोके वर काढताच पुन्हा अंगावर येतो. शांतता हीदेखील ध्वनियोजनाच आहे, हे यावरून दिसून येते.

संगीताच्या साहाय्याने काळ आवळता येतो. ‘डंकर्क’ चा संगीतकार हान्स झिमर याने घड्याळाच्या टिकटिकीचा, तसेच शेपर्ड स्वर या श्रवणभ्रमाचा उपयोग केला आहे. एकमेकांपासून एकेका सप्तकाच्या अंतरावरील अनेक स्वर एकाच वेळी चढत असतात. वरचा स्वर विरत असता खालचा नवा स्वर नकळत सामील होतो. परिणामी स्वर सतत चढतो आहे असे वाटते, पण तो शिखर कधीच गाठीत नाही. कळस न गाठणारी चढण ही ताणाची जणू शुद्ध आकृतीच होय.

लुइस माइलस्टोन याच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९३०) या आरंभीच्या बोलपटात ध्वनीचा वेगळाच उपयोग आढळतो. रस्त्यावरून सैन्य वाजतगाजत चालले आहे आणि शाळेच्या वर्गात शिक्षक मुलांना रणावर जाण्यास चेतवीत आहे. बाहेरचा उत्सवी घोष वर्गात शिरतो. तेथे एकही गोळी सुटत नाही; तथापि मुले ज्या उत्साहाने उठतात, तोच प्रेक्षकाला भयावह वाटतो, कारण पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्याला त्यांच्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

संकलन आणि काल : शॉट किती वेळ टिकवावा, हा संकलकापुढील मुख्य प्रश्न असतो. जलद संकलनाने गोंधळ निर्माण होतो, ताण नव्हे. ताणासाठी बहुधा अपेक्षेपेक्षा थोडा अधिक वेळ थांबावे लागते. क्वेंटिन टॅरंटिनो याच्या ‘इनग्लोरियस बास्टर्ड्‌स’ (२००९) मधील पहिले दृश्य याचा वस्तुपाठ ठरावे. नाझीव्याप्त फ्रान्समधील एका शेतकऱ्याच्या घरी जर्मन अधिकारी येतो, दूध मागतो, सौजन्याने बोलत राहतो. संभाषण बरेच पुढे गेल्यावर कॅमेरा जमिनीच्या फळ्यांखाली उतरतो आणि तेथे दडलेले ज्यू कुटुंब दाखवितो. तेथपासून प्रत्येक साधे वाक्य जीवघेणे होते. हिचकॉकच्या टेबलाखालचा बाँब तो हाच. फरक इतकाच की येथे टेबलाखाली माणसे आहेत.

नळदुर्गचा दृष्टांत : उपर्युक्त तंत्रांचे परस्परसंबंध एखाद्या परिचित घटनेवरून अधिक स्पष्ट होतील. हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाईस १३ सप्टेंबर १९४८ रोजी प्रारंभ झाला. सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेची पहिली चकमक धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील नळदुर्ग येथे झाली. सातव्या ब्रिगेडने वेगाने पुढे सरकून बोरी नदीवरील महत्त्वाचा पूल शाबूत स्थितीत ताब्यात घेतला आणि त्यानंतर शीख पलटणीने नळदुर्गच्या ठाण्यावर हल्ला केला. चिलखती दल सकाळी नऊच्या सुमारास जळकोट येथे आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास उमरगा येथे पोहोचले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

या घटनेवर चित्रपट काढावयाचा, अशी कल्पना केली तर त्याचे आरंभदृश्य निदान तीन प्रकारे रचता येईल. पहिल्या रचनेत कॅमेरा फौजेबरोबर राहील. पहाटेचा अंधार, दिवे विझवलेल्या गाड्या आणि पुढे एक पूल. पूल उडविला जाण्यापूर्वी हाती लागेल काय, हा एकच प्रश्न साऱ्या दृश्याला पुरेल. दुसऱ्या रचनेत कॅमेरा किल्ल्यातील पहारेकऱ्याजवळ राहील. बोरीच्या पात्रात इब्राहिम आदिलशाहाच्या काळात १६१३ मध्ये बांधलेला बंधारा असून त्यात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात भरपूर पाणी असले म्हणजे बंधाऱ्यावरून ‘नर’ व ‘मादी’ या नावांचे धबधबे कोसळतात. त्या अखंड घोषात इंजिनांची घरघर मिसळली आहे की तो केवळ भास आहे, हे पहारेकऱ्याला कळत नाही आणि प्रेक्षकालाही कळत नाही. येथे ध्वनीच माहिती लपवितो. तिसऱ्या रचनेत कॅमेरा गावातील एखाद्या घरात असेल. घरातल्यांना ना फौजेची योजना ठाऊक, ना किल्ल्यातील बंदोबस्त. दार लोटून घेऊन ते केवळ ऐकत राहतील.

घटना एकच असली, तरी तिन्ही रचनांतील भय निराळ्या माणसांचे आहे. ही निवड केवळ तांत्रिक नसते. या कारवाईपूर्वी रझाकारांच्या अत्याचारांनी मराठवाड्यातील अनेक गावे भयभीत झाली होती. कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने आपल्या अहवालात सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश केला असून तो अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. दार लोटून बसलेले ते घर कोणाचे दाखवावयाचे, हे दिग्दर्शक ठरवितो आणि त्याबरोबर प्रेक्षकाने कोणासाठी श्वास रोखावयाचा हेही ठरते. आरंभदृश्यातील ताण म्हणजे सहानुभूतीचे वाटप होय.

ज्ञात शेवटाची समस्या : मराठी इतिहासावरील युद्धपटांना एक विशेष अडचण असते. तानाजी कोंढाण्यावर पडणार, बाजीप्रभू घोडखिंडीत देह ठेवणार, पानिपतावर मराठ्यांचा पराभव होणार, हे प्रेक्षकाला बालपणापासून ठाऊक असते. ‘काय होणार’ हा प्रश्न येथे निकामी ठरतो. त्यामुळे अशा चित्रपटांचा ताण ‘कसे होणार’ आणि ‘कोणत्या किंमतीला होणार’ या प्रश्नांवर उभारावा लागतो. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘पानिपत’ (२०१९) या हिंदी चित्रपटाच्या कथेत आरंभी सदाशिवरावभाऊंचा उदगीरचा विजय (१७६०) येतो. उदगीर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होते, नंतर ते लातूर जिल्ह्यात गेले. विजयाने आरंभ करण्याचे प्रयोजन उघड आहे. वर्षभरात येणारा पराभव माहीत असलेल्या प्रेक्षकाला विजयोत्सवातही शांत बसू देत नाही. इतिहासाचे ज्ञान हाच येथे टेबलाखालचा बाँब असतो. दिग्पाल लांजेकर यांचे ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) व ‘पावनखिंड’ (२०२२) हे मराठी चित्रपटही सर्वज्ञात कथांवरच आधारलेले आहेत. ठाऊक असलेल्या आख्यानाची वाट पाहणारा गोंधळाचा श्रोता आणि या चित्रपटांचा प्रेक्षक यांच्यात त्या दृष्टीने फारसे अंतर नाही.

मर्यादा : ताण ही सुखद संवेदनाही असते आणि त्यामुळे युद्धपटापुढे एक नैतिक पेच उभा राहतो. युद्धावरील कोणताही चित्रपट अखेर युद्धाला आकर्षक करून सोडतो, असा आक्षेप त्र्यूफोने घेतला होता. प्रेक्षक सुरक्षित खुर्चीत बसून थरार अनुभवतो; धोका दुसऱ्याला असतो. या आक्षेपाचे पूर्ण निराकरण कोणत्याही तंत्राने होत नाही. परंतु दोन प्रकारच्या आरंभदृश्यांत भेद करता येतो. एका प्रकारात ताण सुटताच प्रेक्षकाला विजयाचा आनंद मिळतो आणि मेलेल्यांचा विसर पडतो. दुसऱ्या प्रकारात ताण सुटल्यावरही कॅमेरा तेथून हलत नाही. ओमाहा किनाऱ्याची दृश्यमालिका किनारा जिंकला गेल्यावर वाळूत पडलेल्या एका मृत सैनिकाच्या पाठीवरील पिशवीवर लिहिलेल्या नावापाशी थांबते. लढाई संपलेली असते, परंतु एका घरातील प्रतीक्षा तेथून सुरू होते. ती प्रतीक्षा प्रेक्षकाच्या मनात जागी करणे हे युद्धपटाच्या आरंभदृश्याचे सर्वांत अवघड कार्य असून सर्व तंत्रांची कसोटी अखेर तेथेच लागते.